प्रॉम्प्टर सिनेमाला जातो

नाटकाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की जुन्या लोकांना त्यातली पदं आठवतात, कुणीतरी गुणगुणायला लागतं आणि मला जे सांगायचंय ते राहून जातं. संगीत नाटक होतं. त्यात एक राजा होता, त्याच्या दरबारात गाणारी एक बाई होती, आणि शेवटच्या अंकात राजा तिला सोडून निघून जातो, एवढं कळलं तरी पुरे.

आमच्या शहाद्याच्या हौशी मंडळींनी ते नाटक बरीच वर्षं केलं. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार मोकळं व्हायचं. तिथे फळ्या टाकून स्टेज बांधायचं, मागे पडदे ओढायचे. पायपेटीवर पोस्टातले एक गृहस्थ असायचे. तबल्याला माझा मित्र बसायचा. तो टेलर. मेन रोडच्या मागच्या गल्लीत त्याच्या आजोबांपासूनचं दुकान आहे. राजाचे अंगरखेही तोच शिवायचा.

मी शाळेत गणित शिकवायचो. नाटकात मला खरं तर प्रधानाचं काम दिलं होतं. पहिल्याच तालमीला मी बोललो, "कोन आहे रे तिकडे?" आणि सगळे हसले. आमच्या घरात अहिराणी. आईच्या तोंडी 'ण' कधी नव्हताच, माझ्याही तोंडी तो शाळेत आला आणि वर्गाबाहेर पडलो की निघून जायचा. नाटक बसवणारे बँकेतले साहेब साताऱ्याकडचे होते. ते म्हणाले, "मास्तर, हा दरबार आहे, मार्केट यार्ड नाही." रागावून नव्हे, हसतच म्हणाले. आणि मला विंगेत बसवलं, हातात पुस्तक देऊन.

तिथे मात्र मी रमलो. प्रॉम्प्टरला 'ण' लागत नाही. त्याचं बोलणं कुजबुजीचं, नटापुरतं. दोन-तीन प्रयोगांनंतर मला पुस्तक उघडावंच लागेना. कुठला नट कुठे श्वास घेतो, कुठे मुद्दाम थांबतो आणि कुठे खरंच विसरलेला असतो, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळायचं. स्टेजवर शांतता पडली की माझ्या तोंडातून ओळ आपोआप बाहेर पडायची.

नायिकेचं काम सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई करायच्या. गळा गोड, पण शेवटच्या प्रवेशात त्या हमखास अडकायच्या, कारण तिथे त्यांना खरंच रडू यायचं. राजा पाठमोरा उभा, बाई त्याच्याकडे बघते, आणि म्हणते, "दार उघडंच आहे, महाराज. जाणाऱ्याला कोण अडवणार?" हे वाक्य प्रत्येक प्रयोगात आधी मी बोललो आहे. मग बाई बोलायच्या, मग लोक डोळे पुसायचे. मनातल्या मनात मी ते वाक्य माझंच समजत आलो.

पुढे बाईंची बदली झाली, साहेब निवृत्त होऊन गावी गेले, पायपेटीवाले वारले. नाटक थांबलं.

त्या नाटकावर सिनेमा येतोय हे मुलाने मला मोबाइलवर दाखवलं, तेव्हा मी निवृत्त होऊन बसलो होतो. तुकडा छोटा होता. मोठा महाल, झुंबरं, आणि आमचंच पद, पण मागे शंभर व्हायोलिनं वाजताहेत असं. मी तो तुकडा दिवसभर पाहत राहिलो.

मुलाचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं होतं. सून नाशिकची. तिचे आईवडील लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे मुक्कामाला येणार होते. माणसं चांगली, पण नाशिकची. नाटकं बघणारी, गाण्याच्या बैठकींना जाणारी. लग्नात विहीणबाई मला सहज म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे तसं सांस्कृतिक काही होत नसेल ना?" बोचावं म्हणून नव्हत्या म्हणाल्या. पण मला ते बोचलं. त्यामुळे ते येणार त्याच आठवड्यात नंदुरबारला सिनेमा लागला, तेव्हा मीच मुलाला सांगितलं, "सगळ्यांची तिकिटं काढ. त्यांनाही नेऊ."

व्याह्यांची गाडी मोठी, सात जणांची. आम्ही सहा. घरातून निघताना टेलर मित्राची आठवण आली. त्याला बोलवावं असं मनात आलं आणि मी ते तसंच मनात ठेवलं. त्याचं बोलणं मोकळं, पान खाऊन हसणं, कुणाच्याही खांद्यावर हात ठेवणं. व्याह्यांसमोर कसं दिसेल, हा विचार मी केला. रिकाम्या सीटवर आम्ही पिशव्या ठेवल्या.

वाटेत मी एकसारखा बोलत होतो. प्रकाशा गावाच्या पुलावर गाडी आली तेव्हा विहीणबाईंना म्हणालो, "इथे देवळाजवळ एकदा प्रयोग केला होता आम्ही. नदीवरचं वारं इतकं, की राजाचा फेटा उडाला. तरी लोक उठले नाहीत." त्या कौतुकाने ऐकत होत्या. "मग तुमची भूमिका कुठली होती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "दिग्दर्शनाची बाजू सांभाळायचो." बायको खिडकीतून बाहेर बघत होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत बाहेर बघायला लागली.

थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. आम्ही एका ओळीत बसलो. मी मध्ये, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला विहीणबाई.

सुरुवातीची नांदी त्यांनी वेगळ्या चालीत घेतली होती. तरी शब्द तेच होते, आणि माझे ओठ हलायला लागले. मला ते कळत होतं, असं नाही म्हणता येणार. पडद्यावरचा प्रधान तोंड उघडायच्या आत मी त्याचं वाक्य पुटपुटायचो. मग तो बोलायचा. त्याने वाक्य जसंच्या तसं म्हटलं की मला बरं वाटायचं, बदललं की मी चुकचुकायचो. एक पद त्यांनी गाळलं होतं. मी विहीणबाईंकडे वाकून म्हणालो, "इथे एक पद होतं. फार सुंदर." त्या म्हणाल्या, "हो का." थोड्या वेळाने परत म्हणालो, "इथे प्रधान हसतो खरं तर." त्यांनी मान हलवली. बायकोने माझ्या हाताला चिमटा काढला. "गुपचूप बठा," ती हळूच म्हणाली. मी गप्प बसलो, असं मला वाटलं.

मध्यंतरात पुढच्या ओळीतला एक तरुण मागे वळला. "नमस्कार सर," म्हणाला. माझा विद्यार्थी. शेजारी त्याची बायको होती. "सर, तुमचा आवाज लगेच ओळखला," तो म्हणाला. मला वाटलं कौतुक करतोय. मी व्याह्यांशी त्याची ओळख करून दिली.

दुसरा अर्धा भाग चांगला होता. हे मी आज म्हणतो. तेव्हा मी फक्त शेवटच्या प्रवेशाची वाट बघत होतो. आणि तो आला. राजा पाठमोरा. नायिका त्याच्याकडे बघते आहे. वाद्यं थांबली. सगळं थिएटर शांत. विहीणबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला होता. पडद्यावरची ती बाई काही बोलेना. एक क्षण गेला, आणखी एक गेला. तिचे खांदे जरासे वर झाले. मी ओळखलं, ही विसरली.

मी बोललो. कुजबुजून नव्हे. जिनिंगच्या आवारात ट्रकांच्या आवाजातही नर्सबाईंना ऐकू जावं, इतक्या जोरात बोललो.

"दार उघडंच आहे, महाराज. जानाऱ्याला कोन अडवनार?"

बाई बोललीच नाही. सिनेमावाल्यांनी ते वाक्य काढूनच टाकलं होतं. तिने नुसतं उघड्या दाराकडे पाहिलं, राजा त्या दारातून गेला, आणि बस. त्या वाक्याच्या जागी त्यांनी शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत माझा आवाज होता, 'न'सकट.

आधी कुणीतरी एकटंच हसलं. मग मागची सगळी ओळ हसली. "कोन अडवनार," कुणीतरी माझ्यासारखं करून म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. म्हणणारा मुलगा घरी माझ्यासारखाच बोलत असणार, पण ते काही उपयोगाचं नव्हतं. माझा विद्यार्थी वळला. त्याची बायको डोळे पुसत होती आणि चिडली होती. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, प्लीज."

वर्गात मी किती मुलांना गप्प बसवलं असेल. मला कधी कुणी गप्प बसवलं नव्हतं. मी तळहात तोंडावर दाबून धरला आणि सिनेमा संपेपर्यंत तसाच बसलो. शेवटचं पद झालं ते मी ऐकलं नाही. विहीणबाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवून दिला होता. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो, चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "आप्पा, तुम्ही बसा गाडीत, मी चहा आणतो." सून आईचा हात धरून जरा लांब उभी होती. पार्किंगमध्ये मागच्या ओळीतली मुलं गाड्या काढत होती. त्यांच्यातल्या एकाने मला पाहिलं, दुसऱ्याला कोपर मारलं. मी काच वर केली.

परतीच्या रस्त्यात व्याही पपईच्या बागांबद्दल विचारत राहिले. एकरी किती निघते, भाव काय, माल दिल्लीला जातो का. मी उत्तरं दिली. सिनेमाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चांगला होता असं नाही, वाईट होता असं नाही. त्यांनी तो विषय माझ्यासाठी टाळला हे मला समजत होतं, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटत होती.

पाहुणे गेल्यावर एका सकाळी बायको भाजी निवडत बसली होती. मी तिला म्हणालो, "वाक्य काढायलाच नको होतं त्यांनी. नाटकाचा प्राण होता तो."

ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही ते नाटक कधी देखंच नही."

"मी? मला पाठ आहे ते अख्खं."

"पाठ शे. देखं नही," ती म्हणाली. "मी समोर बशीसन देखं. दर साल. ती बाई थांबे ना, तठेच लोके रडेत. बोलानंतर नही. तुम्ही तव्हय पुढली ओळ सोधेत."

मी विंगेतली माझी जागा आठवून पाहिली. विंगेतून मला नर्सबाईंची एक बाजू दिसायची, राजाची पाठ दिसायची आणि दिव्यांच्या पलीकडे नुसता अंधार. लोक कधी रडतात हे मी अंदाजाने धरलं होतं. बाई थांबत होत्या ते अडकल्यामुळेच, हेही मीच ठरवलं होतं. कधी विचारलं नव्हतं. एवढी वर्षं त्या शांततेत मी आत घुसत होतो की काय, असं मनात आलं आणि हातातला पेपर वाचता येईना.

त्याच दिवशी मी टेलरच्या दुकानात गेलो. सिनेमा जायच्या आत पुन्हा पाहायचा होता, आणि एकट्याने जायची लाज वाटत होती. तो मशीनवर होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं, शहादा केवढं. त्याने हसू दाबलं नाही. हसून झाल्यावर मशीन थांबवून विचारलं, "गाडीमा जागा नव्हती का मास्तर?"

होती, असं मी सांगितलं. का बोलावलं नाही ते त्याने विचारलं नाही. पुन्हा मशीन चालू केलं. एक आख्खी बाही शिवून होईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिलो. मग दोरा तोडत तो म्हणाला, "मन्हा तबला ऐकाले येतस लोके अजून. याद करतस. आनि तू माले सांगं नही." आणि थोड्या वेळाने, "चाल. माले बी देखनं शे काय करेल शे ते."

आम्ही एसटीने गेलो, दुपारच्या खेळाला. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. मी मोठा रुमाल नेला होता. तोंडावर धरून बसलो. मित्राने ते बघितलं. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती. मध्येच तो म्हणाला, "तबला कोठे शे यामा? बठ्ठं मशीन." सगळंच मशीनचं, म्हणून त्याला सिनेमा आवडला नाही. मध्यंतरात त्याने समोसा खाल्ला आणि मला सांगितलं की अंगरख्यांचे खांदे चुकीचे बेतले आहेत.

शेवटचा प्रवेश आला. मी रुमाल घट्ट धरला. वाद्यं थांबली. ओळ तोंडात आली, ती आलीच. माझी जीभ टाळ्याला लागली होती. पण या वेळी मी तिच्याकडे पाहिलं. ती काहीच विसरलेली नव्हती. तिला बोलायचं होतं आणि ती बोलत नव्हती, आणि हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की आंधळ्यालाही कळावं. मी ते पहिल्यांदा पाहत होतो. दोन ओळी पुढे एक म्हातारं जोडपं होतं. त्यातली बाई हुंदका देऊन रडली. तिच्या नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. थिएटरमध्ये दुसरा आवाज नव्हता.

मला वाटलं होतं, दुसऱ्यांदा शांत बसलो की मन हलकं होईल. तसं झालं नाही. पहिल्या दिवशी आपण काय मोडलं ते आता कुठे नीट दिसलं. पहिल्या दिवशीची लाज हसं झालं म्हणून होती. ही वेगळी होती. ती रडणारी म्हातारी बघून मी खुर्चीत खाली सरकलो, जणू तिला मी दिसेन.

परतताना बसमध्ये मित्र खिडकीशी झोपला. मी त्याला प्रकाशाला उठवून चहा पाजला. रिकाम्या सीटबद्दल मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे ना." पण ते नेहमीच्या आवाजात नव्हतं, आणि त्यानंतर बरेच दिवस दुकानात गेलो की तो मला गिऱ्हाइकासारखा "या, बसा" म्हणायचा. हल्ली कुठे पुन्हा 'तू' वर आला आहे.

उन्हाळ्यात व्याही-विहीण पुन्हा आले. आमरसाचं जेवण होतं. मी ठरवलं होतं, या वेळी विहीणबाईंना मोकळेपणाने सांगायचं. पानं वाढून झाली तसं मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी सिनेमात माझ्यामुळे तुमचा रसभंग झाला. मला फार वाईट वाटतंय. आणि मी दिग्दर्शक वगैरे नव्हतो. विंगेत बसून ओळी सांगायचो, तेवढंच."

व्याही म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं." मुलगा ताटात बघत होता.

विहीणबाई मनमोकळ्या हसल्या. "अहो आप्पा, मी नाशिकला बहिणीबरोबर परत पाहिला तो. म्हटलं, शेवट नीट बघू. पण काय सांगू, तो प्रसंग आला आणि मला तुमचंच वाक्य ऐकू आलं. अगदी तुमच्या आवाजात. बहीण रडतेय, बाजूच्या बायका रडतायत, आणि मला हसू आवरेना." त्या आठवून पुन्हा हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. जे झालं ते त्या सांगत होत्या.

"हो का," मी म्हणालो. मग पापड आणतो म्हणून उठून स्वयंपाकघरात गेलो.

सून तिथे पोळ्या करत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तव्यावरची पोळी उलटून ती हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, मनाला लावून घेऊ नका. आईला कुठे काय बोलावं कळत नाही."

"कळतं ना," मी म्हणालो. "खरं तेच सांगितलं त्यांनी."

तिने पापडांचं ताट माझ्या हातात दिलं. मी ते घेऊन थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. बाहेर व्याही पुन्हा पपईचा भाव विचारत होते आणि बायको त्यांना सांगत होती.